'ताण हा कामचुकारांचा शब्द' म्हणणाऱ्या नेरूळकरांना उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली नुसतं 'नेरूळ' लिहिलंय, म्हणून नेरूळकर म्हणते, चालवून घ्या. कॉमेंटच्या चौकोनात उत्तर मावेना, आणि खरं सांगायचं तर डोक्यातूनही जाईना, म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की कामाचा ताण वर्षानुवर्षं राहिला तर पुढे मेंदूवर परिणाम होऊ शकतो, डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, शक्यता वाढू शकते. त्यावर नेरूळकर लिहितात: "मॅडम, थोडं वाचून लिहीत जा. लॅन्सेटच्या यादीत ताण नाहीच. उंदरांवरचे प्रयोग माणसांना लावताय. ज्याला डिमेन्शिया होणार असतो त्याला आधीपासूनच अस्वस्थ वाटतं, तुम्ही कारण आणि परिणाम उलटे धरलेत. माझे वडील 34 वर्षं शाळेत, त्यातली बरीचशी हेडमास्तर, रोज बारा तास काम, आज 86 व्या वर्षी सकाळी शब्दकोडं सोडवतात. ताण हा कामचुकारांचा शब्द आहे." आणि वर, असं घाबरवणं चालू राहिलं तर अनफॉलो करीन.

आधी तुमच्या पहिल्या वाक्याचं बघू. मला मॅडम म्हणायला माझी काही हरकत नाही, ऑफिसात सगळे म्हणायचे, पण 'मॅडम, थोडं' असं सुरू झालेलं वाक्य पुढे कुठे जाणार हे नोकरी केलेल्या कुठल्याही बाईला कळतं. हीच पोस्ट एखाद्या 'सरां'नी लिहिली असती तर तुम्ही 'सर, एक शंका होती' म्हणाला असतात. असो. शीर्षक जरा भडक झालं होतं हे मान्य, 'नोकरी खातेय मेंदू' असं ओरडून सांगायची गरज नव्हती, ते बदललंय. पण आत मी सगळीकडे 'होऊ शकतो', 'वाढू शकते' असंच लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलंत का? वाचून लिहीत जा म्हणणाऱ्याने निदान वाचून कॉमेंट करावी एवढीच अपेक्षा.

लॅन्सेटचं, म्हणजे त्या नावाच्या वैद्यकीय नियतकालिकाचं. 2024 च्या त्यांच्या अहवालात 14 कारणं आहेत, ती सगळी आटोक्यात आली तर डिमेन्शियाच्या जवळपास 45 टक्के केसेस टळू शकतात किंवा लांबू शकतात असं त्यांचं गणित. त्यात ताण असा शब्द नाही, बरोबर. पण यादीत आहे काय ते बघा ना: ब्लडप्रेशर, डायबेटिस, डिप्रेशन, वजन, व्यायाम नसणं, सिगारेट, दारू, एकटेपणा. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाची दहा-पंधरा वर्षं रात्री उशिरा जेवणात, अर्धवट झोपेत आणि टार्गेटमध्ये गेली त्याच्या घरी यातले किती पाहुणे राहायला येतात? ताणाचं नाव पत्रिकेत नाही, पण अख्खं गोत मांडवात बसलंय. (हवेचं प्रदूषणही आहे यादीत, आम्ही ठाण्यातल्या घोडबंदर रोडवाल्यांनी त्याचं काय करायचं ते देव जाणे.)

आता तुमचे वडील. खरं तर या एकाच वाक्यासाठी मी लिहायला बसले. सर्वात आधी, त्यांना माझा नमस्कार, 86 व्या वर्षी शब्दकोडं सोडवणं ही खायची गोष्ट नाही आणि त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण तुम्ही त्यांना माझ्याविरुद्ध साक्षीला उभं केलंय आणि ते साक्ष देतायत माझ्या बाजूने, हे तुमच्या लक्षात आलेलं नाही. रॉबर्ट कॅरासेक म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी 1979 साली एक साधी मांडणी केली. डोक्यावर काम किती, आणि ते काम कधी, कसं, कुठल्या क्रमाने करायचं यात तुमचा शब्द किती चालतो, हे दोन्ही एकत्र बघा म्हणाले. काम भरपूर आणि शब्दही चालतो, तर माणूस दमतो पण शिकतो, वाढतो. काम भरपूर आणि शब्द शून्य, तिथे माणूस पिचतो. आता हेडमास्तर! शाळेचं टाइमटेबल कोण ठरवायचं, कुठल्या वर्गावर कोण जाणार, गॅदरिंग कधी, पालकाला आत बोलवायचं की बाहेर बाकावर बसवून ठेवायचं, हे सगळं त्यांच्या हातात. बारा तास काम केलं असेल, नक्की केलं असेल, पण स्वतःच्या खुर्चीत बसून केलं. त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांना कधी विचारलंत का, ज्यांना ऑफ तास काढून घेऊन दुसऱ्याच्या वर्गावर पाठवलं जायचं? त्यांच्यातले किती जण आज शब्दकोडं सोडवतात ते कळवा.

आणि हे मी मनाचं बोलत नाहीये. 2021 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, सात वेगवेगळ्या अभ्यासांतली मिळून लाखावर माणसं. ज्यांचं काम डोक्याला खुराक देणारं, म्हणजे भार मोठा पण निर्णयही स्वतःचे, त्यांच्यात दर दहा हजार माणसांमागे वर्षाला साधारण 4.8 जणांना डिमेन्शिया झाला, आणि साचेबंद, स्वतःचं काही न चालणाऱ्या कामातल्या लोकांत 7.3. तुमचे वडील पहिल्या गटातले, त्यांना कामाने तारलं. काम वाईट असं मी कुठे म्हटलं होतं? मी ताणाबद्दल लिहिलं, तुम्ही ते कामाबद्दल वाचलंत आणि मला कामचुकार करून मोकळे झालात.

कामचुकार. बरं. मी ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसला विम्याचे क्लेम बघायचे. मानपाड्याहून बस, मग ठाणे स्टेशन, मग ट्रान्स हार्बरची लोकल, पावसात कापूरबावडीला ट्रॅफिकचं जे काय व्हायचं ते व्हायचं आणि तरी लॉगिन वेळेवर. स्क्रीनवर प्रत्येक क्लेमच्या शेजारी एक घड्याळ उलटं चालायचं, टीएटी म्हणायचो आम्ही त्याला, म्हणजे क्लेम हातावेगळा करायला दिलेला वेळ. हिरवं, मग पिवळं, मग लाल. लाल झालं की टीएलला, म्हणजे टीम लीडरला, आपोआप मेल. क्लेम कोणता उघडायचा हे आपण ठरवायचं नाही, कॉम्प्युटरवरची रांग, म्हणजे क्यू, जो देईल तो. म्हणजे समोर एखाद्या माणसाच्या हॉस्पिटलची सत्तर पानं आली की त्यातली डिस्चार्ज समरी वाचेवाचेपर्यंत पिवळं व्हायचं, आणि त्यात समरीतली तारीख बिलाशी जुळत नसली की पुढे विचारणा पाठवायची, उत्तर हॉस्पिटलने द्यायचं, घड्याळ मात्र आमच्या नावावर चालू. बाथरूमला जाताना ब्रेक टाकून जायचं आणि महिन्याच्या शेवटी त्या मिनिटांची बेरीज अप्रेजलला समोर यायची. हे वर्षानुवर्षं केलेल्या बाईला तुम्ही नेरूळमध्ये बसून सांगताय की ताण हा कामचुकारांचा शब्द आहे. कमाल आहे हं.

नोकरीच्या शेवटी शेवटी मला रोजच्या कार्डाचा पिन एटीएमसमोर आठवेनासा झाला होता, मागे रांग आणि मी नुसती आकड्यांकडे बघतेय. डिमेन्शिया वगैरे काही नव्हतं, नौपाड्यातल्या डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि पहिला प्रश्न विचारला, झोपता किती? तेव्हा मला तो प्रश्न फालतू वाटला होता. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1985 पासून एक अभ्यास चालू आहे, व्हाइटहॉल टू नावाचा, त्यात पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी जास्त निघालं. आणि आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका साधारण 35 टक्क्यांनी जास्त असं जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) दोघांनी मिळून 2021 मध्ये सांगितलंय, आणि स्ट्रोकनंतर डिमेन्शिया होऊ शकतो हे तर तुम्हालाही मान्य असेल. नसेल तर राहू द्या.

घरातलं सांगणार नव्हते पण आता विषय काढलाच आहात तर. माझ्या सासूबाई नर्स होत्या, ऐन तरुणपणी नवरा गेलेला, दोन मुलं, आणि ड्युटीचा तक्ता दुसरंच कोणीतरी लावणार. नाईट लागली की लागली, मुलांची परीक्षा असो की ताप. शेवटच्या वर्षांत त्यांना मी कोण ते कळायचं नाही, मला 'सिस्टर' म्हणायच्या, घर कोणाचं म्हणून विचारायच्या. पण चादर हातात दिली की कोपरा असा काटकोनात दुमडून गादीखाली सारायच्या, वॉर्डात करतात तसा, आणि तळहाताने सुरकुती काढायच्या. एकही चुकत नसे. ही बाई कामचुकार होती का? हे वाक्य तुम्ही आमच्या घरी येऊन बोलून दाखवा. तुमच्या वडिलांचं उदाहरण चालतं तर माझ्या सासूबाईंचंही चालायला हवं, हिशेब सरळ आहे.

बाकीचं भरभर संपवते. उंदीर: हो, सुरुवात उंदरांपासूनच झाली. ब्रूस मॅकएवन यांनी 1968 मध्ये दाखवलं की ताणाचं हार्मोन उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी पक्क्या करणाऱ्या भागात, जाऊन चिकटतं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासात दोन हजारांवर मध्यमवयीन माणसं तपासली, 2018 मध्ये छापून आलं, ज्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे माणसातलं ताणाचं हार्मोन, जास्त त्यांची स्मरणशक्तीची परीक्षा कच्ची आणि मेंदूचं आकारमानही थोडं कमी. माणसं हं, उंदीर नाहीत.

कारण-परिणाम उलटे धरल्याचं म्हणाल तर तो आक्षेप अशा प्रत्येक अभ्यासावर घेता येतो आणि घेणारे घेतच असतात. स्वीडनमध्ये गोटेनबर्गला चौदाशेच्या वर बायकांना 1968, 1974 आणि 1980 असं तीनदा विचारलं की ताण आहे का, नोकरीचा म्हणून नाही, एकूणच, आणि पुढे पस्तीस वर्षं लक्ष ठेवलं. तिन्ही वेळा हो म्हणणाऱ्यांमध्ये धोका जवळपास अडीचपट निघाला. आता अडतिसाव्या वर्षी ताण वाटणाऱ्या बाईला सत्तरीतला आजार आधीच सुरू झाला होता असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा, मी वाद घालत नाही.

घाबरवण्याबद्दल काय बोलू. बीपी तपासा, झोपा, शनिवारी ऑफिसचा फोन उचलू नका, एवढंच तर लिहिलं होतं शेवटी. याला कोणी घाबरत असेल तर त्यांनी खुशाल अनफॉलो करावं, तुम्हीसुद्धा.

उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण नाव घालून द्या आणि 'मॅडम, थोडं' वगळून. आणि मी शनिवार-रविवार कॉमेंट अप्रूव्ह करत नाही, तेव्हा लगेच दिसली नाही तर ब्लॉक केलं म्हणून दुसरीकडे जाऊन ओरडू नका.