क्रॉनिक म्हणजे 'शेवटची स्टेज' नाही हो

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की रिपोर्टमध्ये क्रॉनिक लिहिलं असेल तर आजार हाताबाहेर गेला, कधीच बरा होत नाही, आणि हा शब्द म्हणे स्वतःची पोरं गिळणाऱ्या क्रोनस नावाच्या ग्रीक देवावरून आलाय, म्हणजे शरीर आतून खाणारा आजार. माझ्या मावशीच्या सोनोग्राफीत क्रॉनिक कोलेसिस्टायटिस आलं होतं, खड्यांमुळे पित्ताशयाला आलेली जुनी सूज, आणि असलंच काहीतरी वाचून ती दोन दिवस धड जेवली नाही, नुसती देवघरासमोर बसून. म्हणून लिहितेय.

आधी त्या देवाचं. ग्रीकमध्ये काळाला ख्रोनोस म्हणतात आणि पोरं गिळणारा तो क्रोनोस, आपल्याकडे ख वेगळा क वेगळा तशी तिथेही दोन वेगळी अक्षरं आहेत. दोघांची गल्लत पार जुन्या ग्रीक-रोमन लोकांनीही केलीय, पण आजाराचा शब्द आला तो काळावरूनच, ग्रीकमधून लॅटिन, मग फ्रेंच आणि 15व्या शतकात इंग्रजी. क्रॉनॉलॉजी, सिंक्रोनाइज ही त्याच घरातली भावंडं. खाण्याबिण्याचा काही संबंध नाही.

आता सिरीयसचं. क्रॉनिक हा शब्द आजार किती दिवसांचा ते सांगतो, किती जोराचा ते नाही. मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवड्यांच्या वर गेला की क्रॉनिक, दुखणं 3 महिन्यांच्या वर गेलं की क्रॉनिक. याच्या उलट अ‍ॅक्यूट, म्हणजे अचानक उठलेलं, आणि हार्ट अटॅक अ‍ॅक्यूटच असतो बरं का, तासाभरात माणूस जाऊ शकतो! इंग्लंडमध्ये बोलताना क्रॉनिक म्हणजे 'भयंकर' असं म्हणतात हे खरं, पण रिपोर्टमध्ये तो अर्थ नसतो.

राहिलं बरं न होणं. डायबेटिस, दमा बहुतेकदा आयुष्यभर सांभाळावे लागतात, मान्य. पण क्रॉनिक हेपेटायटिस सी आता गोळ्यांनी बहुतेकांचा 8 ते 12 आठवड्यांत पूर्ण बरा होतो, मग 'कधीच नाही' कुठून आलं?

मावशीला शेवटी डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, "जुनाट सूज आहे, पित्ताची पिशवी काढली की संपलं." जुनाट म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला, म्हणाली मग आधीच असं सांगायचं ना, आणि घरी येऊन पहिल्यांदा भाकरी मागितली.