दुपारच्या वाऱ्याचं काय?

गोव्यातल्या यॉट सहलीवरच्या लेखात म्हटलंय, ‘दहाबारा जणांचा ग्रुप जमवा, दुपारी पणजीहून यॉटने ग्रँड आयलंडला जा, सूर्यास्त बघत निवांत परता’. यातला ‘निवांत’ शब्द तेवढा खटकला. गोव्याचा समुद्र सकाळी तळ्यासारखा असतो हे खरं, पण जानेवारीनंतर दुपार झाली की वायव्येकडून वारा सुटतो. ग्रँड आयलंड आहे मुरगावच्या टोकापलीकडे, पणजीजवळच्या मांडवी नदीच्या मुखाच्या दक्षिणेला. म्हणजे परतताना तोच वारा थेट नाकावर!

मागच्या फेब्रुवारीत आम्ही म्हापशाचे अकरा जण असेच गेलो होतो. जाताना गाणी, भजी, फोटो. येताना मुरगावचं टोक ओलांडलं आणि लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला. मामींना अशी बोट लागली की मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा किल्ला दिसेपर्यंत त्या बादलीतून मान वर काढेनात. भज्यांचा डबा सबंध डेकभर. तांडेल (बोट चालवणारा) मात्र शांतपणे म्हणाला, ‘सकाळी सातला निघाला असता तर जेवायला घरी असता.’ बुकिंग घेणाऱ्याने हे आधी का नाही सांगितलं? तर सूर्यास्ताच्या फेरीचा दर जास्त असतो, दुसरं काय!

सूर्यास्तच बघायचा असेल तर यॉट मांडवीतच फिरवा, पणजीसमोरच्या काठावरच्या रेइश मागूश किल्ल्यापर्यंत जा. नदीत पाणी बरंच शांत असतं. आणि बेटावर जायचं तर सकाळी, पोटात थोडंसं काही टाकून. भजी परतल्यावर.