हेडा हॉपर: टोप्यांपलीकडे

हॉलिवूडच्या भानगडी छापणारी सदरलेखिका हेडा हॉपर हिच्यावरचा तुमचा लेख छान आहे, पण तिच्या भल्यामोठ्या टोप्या आणि तिच्यासारखीच सदरलेखिका असलेल्या लुएला पार्सन्सशी असलेलं वैर यातच तो संपला. पेनसिल्व्हेनियातल्या खाटकाची ही मुलगी, मूळची एल्डा फरी. डिवुल्फ हॉपर या नटाची ती पाचवी बायको. आधीच्या चौघी एला, आयडा, एडना आणि नेला! नवरा नावांत गोंधळ करायचा, म्हणून अंकशास्त्राच्या (आकड्यांवरून भविष्य सांगण्याच्या) सल्ल्याने तिने 'हेडा' हे नाव घेतलं. सिनेमातली कामं आटली, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या बाईने १९३८ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये सदर सुरू केलं. या जिद्दीला माझा सलाम.

पण बेव्हर्ली हिल्समधलं आपलं घर लोकांना आपल्या सदराची वाटणाऱ्या भीतीने बांधलंय, असं ती स्वतःच म्हणायची. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडचे लेखक-कलावंत काळ्या यादीत जाऊन कामाला मुकले, तेव्हा तिने सदरातून त्याची उघड तरफदारी केली. चॅप्लिनवर तर ती वर्षानुवर्षं तुटून पडली. काम नसणं म्हणजे काय हे जिने स्वतः भोगलं, तिने दुसऱ्यांच्या पोटावर पाय आणावा, हे मला माफ करवत नाही. पुढच्या भागात यावर जरूर लिहा.