टेबल वाकडं नाहीये, तसंच काढलंय!

एका काल्पनिक जगासाठी जुन्या हस्तलिखितांच्या धाटणीची चित्रं काढतोय. राजा मोठा, सैनिक त्याच्या गुडघ्याएवढे, टेबल अंगावर कलंडल्यासारखं. चित्र दाखवलं रे दाखवलं की कुणीतरी म्हणतंच, "पर्स्पेक्टिव्ह चुकलंय हो."

अहो, चुकलं नाही! पर्स्पेक्टिव्ह म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूत नेऊन मिळवायचं गणित. ते युरोपात पंधराव्या शतकात बसलं; आल्बेर्ती या इटालियन वास्तुकारानं ते १४३५ मध्ये लिहून काढलं. त्याआधीचे चित्रकार काही आंधळे नव्हते. ज्याचा मान मोठा तो आकारानं मोठा, साधा हिशोब. टेबल कलंडलेलं, कारण त्यावरचं ताट दिसायला हवं. ती वाकडी कड हवी तशी वाकडी यायला माझे तीन कागद फुकट गेलेत.

दुसरी जमात याहून भारी. "हा निळा तेव्हा नव्हता." तेव्हा म्हणजे केव्हा? या जगाला दोन चंद्र आहेत! बरं, प्रशियन ब्लू हा कृत्रिम निळा रंग अठराव्या शतकातला हे मलाही ठाऊक आहे, म्हणून तर लाजवर्द या निळ्या दगडापासूनच्या जुन्या रंगाची छटा जुळवत रात्र घालवली.

राजाच्या मांडीवर ड्रॅगन बसलाय, त्याबद्दल मात्र एकालाही शंका नाही.