मैत्री होती, पण तुरुंगाचं काय?

नमस्कार. हॉलिवुडची जुनी पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन हिच्यावरच्या माझ्या लेखात तुम्ही तीन चुका काढल्यात. पहिली, ‘त्या काळी हॉलिवुडात लिहिणारी ती एकटीच बाई’ हे माझं वाक्य. इथे कान पकडतो. अनिता लूस होती, जून मॅथिस होती. मूकपटांचा नायक व्हॅलेंटिनो, त्याला १९२१ साली पहिली मोठी भूमिका मिळाली ती मॅथिसच्याच हट्टापायी. वाक्य दुरुस्त केलंय.

दुसरी, तुम्ही म्हणता, मूकपटांची तारका मेरी पिकफर्डची मैत्रीण म्हणून मॅरियनला कामं मिळाली, आणि हे मी लिहिलं नाही. मैत्री होतीच, अगदी घट्ट. पण १९१७ च्या ‘द पुअर लिटल रिच गर्ल’मध्ये या दोघींनी चिखलफेकीचा प्रसंग घुसवला, तो दिग्दर्शकाला रुचला नाही आणि स्टुडिओवाल्यांनी सिनेमा पडणार असंच धरलं होतं. तो तुफान चालला, तो काही मैत्रिणीने तिकिटं काढली म्हणून नव्हे! आणि वशिला म्हणालात तर मॅरियननेही लावला, पडत्या काळातल्या मेरी ड्रेसलर या नटीसाठी. साठीच्या त्या बाईला पुढे ‘मिन अँड बिल’साठी ऑस्कर मिळालं.

तिसरा आक्षेप मात्र मला झोंबला. ‘बायकी रडारडीपलीकडे काही लिहिलं नाही.’ तुम्ही तिने लिहिलेला ‘द बिग हाउस’ हा सिनेमा पाहिलेला दिसत नाही. १९२८ च्या नाताळात तिचा नवरा धनुर्वाताने गेला, पदरात दोन लहान मुलं. त्यानंतर ही बाई सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन कैदी बघून आली आणि तिने कोंदट, खचाखच भरलेल्या तुरुंगाची गोष्ट लिहिली. त्यात जेवणघरातला एक प्रसंग आहे: पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभे आणि टेबलांखालून एक सुरी या हातातून त्या हातात सरकत जाते. वरती सगळे मुकाट. (दिग्दर्शक जॉर्ज हिल तेव्हा तिचा नवा नवरा होता. घ्या, वशिल्याचा हा मुद्दा तुमच्याकडून सुटला होता.) लेखनाचं ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री ती याच सिनेमामुळे ठरली.

दुसरं ऑस्कर ‘द चँप’च्या कथेला मिळालं. त्यात रडारड आहे, भरपूर आहे, नाकारत नाही. फक्त तिथे ढसाढसा रडतो तो एका दारुड्या मुष्टियोद्ध्याचा पोरगा.