‘पॉश’ हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आलेला नाही

‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, ही माहिती पुन्हा पुन्हा फिरत असते. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर इंग्लंडहून मुंबईला येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूच्या केबिन सावलीत असत. श्रीमंत लोक जादा पैसे मोजून त्या घेत आणि तिकिटावर ही चार आद्याक्षरं उमटत, असा तो दावा.

आधी तिकीट. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. तसा शिक्का मारण्याची पद्धत कंपनीच्या जुन्या कागदपत्रांतही आढळत नाही.

आता ऊन, कारण दाव्याचा सगळा भार त्यावर आहे. बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड केलं की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. भूमध्य समुद्रात बोट पूर्वेला जाते, तेव्हा पोर्टची बाजू उत्तरेला, सावलीत. इथवर ठीक. सुवेझ ओलांडून तांबड्या समुद्रात शिरली की बोट दक्षिण-आग्नेयेला वळते. मग डाव्या केबिनवर सकाळचं ऊन, उजव्यांवर दुपारनंतरचं. डावी बाजू थोडी बरी, पण सावलीतली नव्हे.

तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळच्या एडनपासून मुंबईपर्यंत बोट पुन्हा पूर्वेकडे जाते; तिथे तर ऋतू पाहावा लागतो. हिवाळ्यात डावी बाजू सावलीत राहते. पण मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत मावळतीचं तिरपं ऊन नेमकं डाव्याच केबिनमध्ये शिरतं. बारा महिने लागू पडेल असा नियम यातून निघतच नाही.

शब्दाचं वयही जुळत नाही. १८९०च्या इंग्रजी बोलीकोशात ‘पॉश’चे अर्थ पैसा आणि छानछोकी करणारा माणूस असे दिले आहेत. ‘पंच’ साप्ताहिकाच्या सप्टेंबर १९१८च्या व्यंगचित्रात एक तरुण वायुदल अधिकारी आईला हा शब्द नवी बोली म्हणून समजावतो. त्यात बोटीचा उल्लेखही नाही. आद्याक्षरांची गोष्ट छापील मजकुरात दिसते ती १९३५च्या सुमारास. शिवाय आद्याक्षरं जोडून बोलीतला शब्द घडवायची रीत पहिल्या महायुद्धाआधी इंग्रजीत फारच विरळ होती.

‘पॉश’चं मूळ कोशकारांनी अजून पक्कं मानलेलं नाही. पण पैसा या अर्थाचा धागा युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या रोमानी भाषेत सापडतो: तिथे ‘पॉश’ म्हणजे अर्धा, त्यावरून अर्ध्या पेनीचं नाणं. रोमानी ही भारतीय आर्य कुळातली भाषा. तिचा हा ‘अर्धा’ संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे बाजू यावरून आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि आपल्या ‘पाशी’चं मूळही तेच.