मॉड्यूल सगळी सारखीच? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या अमेरिकन पिकअपच्या इग्निशन मॉड्यूलवर (स्पार्क देणाऱ्या कॉइलचा करंट तोडणारं खोकं) एवढं पाल्हाळ कशाला? आत एक ट्रान्झिस्टरच तर असतो, कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल ते आणा आणि जोडा. शिवाय तुमच्या मित्राने फोर्डला जीएमचं (जनरल मोटर्सचं) चार पिनांचं मॉड्यूल लावलंय आणि गाडी मस्त पळतेय.

पळत असणारच. हा जुगाड अमेरिकेतही सर्रास चालतो. पण त्यावरून सगळी मॉड्यूल सारखी ठरत नाहीत. कॉइलचा करंट तोडायचा, हे काम सगळ्यांचं एकच. फरक आहे तो त्या करंटला आवर कोण घालतं यात. जीएमने 1975 पासून दिलेलं एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) मॉड्यूल हा आवर स्वतःच घालतं, म्हणून त्याला सरळ 12 व्होल्ट चालतात. फोर्डच्या ड्युरास्पार्क-2 या इग्निशनमध्ये ते काम हार्नेसमधल्या (वायरिंगच्या जुडग्यातल्या) साधारण 1.1 ओहमच्या, करंट अडवणाऱ्या रेझिस्टर वायरकडे असतं. ही वायर काढून ड्युरास्पार्क लावलंत तर कॉइल तापते. उलट ती ठेवून एचईआय लावलंत तर स्पार्क मिळमिळीत.

जुन्या डॉजमध्ये सिरॅमिकचा बॅलास्ट (तेच काम करणारा रेझिस्टर) वेगळा बसवलेला असतो. तिथली खरी डोकेदुखी मात्र अर्थिंगची. मॉड्यूलच्या खोक्याचं अर्थिंग त्याच्या बोल्टांतूनच होतं. आपल्या मुंबईच्या खाऱ्या हवेत बोल्टाखाली गंज धरला की मॉड्यूल धडधाकट असूनही स्पार्क गुल, आणि मेकॅनिक लगेच नवं घ्यायला लावतो.

‘रंगाने काय फरक पडतो?’ असंही तुम्ही विचारलंत. फोर्डच्या टीएफआय (थिक फिल्म इग्निशन) या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये पडतो. करडं आणि काळं, दोन्हींना कनेक्टर एकच बसतो. पण करड्यात ज्या पिनेवर स्टार्टरचा सिग्नल येतो, काळ्यात तीच पिन कॉम्प्युटरला खबर परत देते, आणि ड्वेलही (कॉइलमधून करंट किती वेळ वाहू द्यायचा ते) कॉम्प्युटरच ठरवतो. बसलं म्हणजे जुळलं असं इथे होत नाही. आणि टीएफआय डिस्ट्रिब्युटरवरच (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) असेल तर मागच्या धातूच्या पट्टीला थर्मल पेस्ट लावाच. लॅमिंग्टन रोडवर ट्यूब सहज मिळते. पातळ थर पुरे, थापायची नाही. ती न लावता बसवलेलं मॉड्यूल इंजिन तापलं की बंद पडतं, गार झालं की पुन्हा चालतं, आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर नाहक आळ येतो.

आता तुमच्या मित्राला एक काम सांगा. इंजिन चालू ठेवून कॉइलच्या प्लसवर मीटर लावायचा. सात-आठ व्होल्ट दिसले तर जुनी रेझिस्टर वायर अजून तशीच आहे. किती आले ते इथेच कळवा.